मामाच्या घरापासूनचा रस्ता

लेकीच्या शाळेत दर बुधवारी सचोटीचा तास असतो. तो घेतात तिच्या वर्गाच्या बाईच, बाह्या खडूने माखलेल्या, सदा हसऱ्या. या महिन्यात त्यांनी मुलांना सांगितलं होतं, घरापासून शाळेपर्यंतचा रस्ता काढा, खरोखर असतं तेवढंच. आणि चित्रं बघायला आम्हा पालकांना बोलावलं.

लेकीचं चित्र खिडकीशेजारी लावलं होतं. चपला शिवणाऱ्याची टपरी, कललेला विजेचा खांब, शाळेचं फाटक. रस्ता खरा होता, घर तेवढं आमचं नव्हतं. ते माझ्या भावाचं. शाळा जवळपासच्याच मुलांना घेते, म्हणून प्रवेशाच्या अर्जावर मी त्याचा पत्ता लिहिला आणि लेकीकडून घोकून घेतला. आम्ही येतो ते दोन बस बदलून. चित्रात मामाच्या दारात तिने मला उभं केलं होतं, कडेवर बाळ देऊन.

"किती बारकाईनं काढलंय बघा!" बाई म्हणाल्या. मग हसत, "पण काय हो, घर हाकेच्या अंतरावर आणि आमच्या राणीसरकार रोज उशिरा. हे काय गौडबंगाल?"

मी उगाच कडेवरच्या बाळाचं टोपडं सारखं केलं. सांगून टाकावं, अगदी ओठांवर आलं होतं. फार तर शाळेच्या पटावरून लेकीचं नाव काढतील.

"बाळामुळे," लेक म्हणाली. "निघायच्या वेळेलाच भोकाड पसरतो. मग आई पाजत बसते. मी म्हणते, आई, चल ना गं, पण हा ऐकेल तर शपथ!"

बाई खळखळून हसल्या. बाळाचा गाल ओढत म्हणाल्या, "असं होय रे लबाडा!"

"हो ना," मी म्हणाले.

सात वर्षांची पोर, जरासुद्धा अडखळली नाही. पत्ता घोकताना मात्र रडली होती, "पण आपण तिथं राहत नाही ना?" म्हणून. मला तो हट्ट वाटला. हातावर बिस्किट ठेवून मी तिला गप्प केलं होतं.

फाटकाबाहेर तिने माझी पिशवी ओढली. "आई, बरोबर सांगितलं ना मी?"

मी नुसता तिचा हात घट्ट धरला. तिला ती शाबासकीच वाटली. उड्या मारत ती बसथांब्याकडे निघाली.