धरणातल्या गावात हजेरी

माझी नात राखी पीकविम्याच्या पाहणीचं काम करते. तिच्या कंपनीनं मोबाईलच्या नकाशावर प्रत्येक गावाभोवती एक गोल आखला आहे. त्या गोलात पाऊल पडलं की फोन वाजतो आणि हजेरी लागते. बाहेर असलात तर गैरहजर.

माझं माहेर निंबारी. ते गाव धरणात गेलं आणि माणसं वर माळावर नव्या निंबारीत आली. या वैशाखात मी तिथं भावाकडे होते. राखी दोन दिवस त्याच गावात उन्हात फिरली, पण फोन काही वाजला नाही. तिसऱ्या सकाळी तिच्या साहेबांचा, गोविंदाचा फोन आला.

"मॅडम, तुम्ही गावात गेल्याच नाही. आज हजेरी नाही लागली तर उद्यापासून दुसरं माणूस येईल."

"मी गावातच आहे, सर!"

"मग मशीन खोटं बोलते का?"

राखीचा चेहरा उतरला. मी म्हटलं, "दाखव बरं तो गोल कुठं हाये."

तिनं नकाशा उघडला. सगळीकडे निळं पाणी आणि मधोमध तो गोल. मी त्या गोलावर बोट ठेवलं. "अवं, हे तर आपलं जुनं गाव!"

"आजी, मशीन तुह्याच वयाची दिसते," राखी रडता रडता हसली.

"चाल मग, हजेरी लावू."

पाणी पार आटलं होतं. भेगाळलेल्या गाळातून, शिंपल्यांवरून आम्ही चालत गेलो. शिवेचा दगड अजून तिथंच होता. पूर्वी मी माहेरी आले की बैलगाडी इथं थांबायची, आई भाकरतुकडा ओवाळून टाकायची, मगच चाक गावात जायचं. मी निघताना पदरात बांधून घेतलेली भाकरी काढली आणि राखीवरून तुकडा ओवाळला.

"आजी, कोणी पाह्यलं तर?"

"कोण पाह्यते इथं? बगळे?"

तुकडा टाकून आम्ही पुढं निघालो. चावडीच्या जोत्यापाशी पोचलो आणि फोन वाजला. मी मान उंचावून पाहिलं. वर आभाळात कुठं पाखरूही नव्हतं. इतकी वर्षं पाण्याखाली असलेलं माझं गाव कोणाला तरी ठाऊक होतं, आणि आम्ही आत आल्याचं त्याला कळलं होतं.

राखीनं फोटो पाठवला. लगेच गोविंदाचा फोन.

"मॅडम, तुम्ही धरणात उभ्या आहात?"

"गावातच आहे, सर."

त्यानं तिकडे नकाशा तपासला असावा. मग म्हणाला, "जुना नकाशा लागला वाटतं. गोल वर सरकवायला सांगतो. काम तुम्हीच करा."

राखीनं मला मिठीच मारली. "चाल आजी, ऊन वाढून राह्यलं."

नकाशावर, गोलाच्या आत, आमचा ठिपका हळूहळू लुकलुकत होता. मी चावडीच्या जोत्यावर टेकले.

"तो गोल सरकवेपर्यंत बसू दे मले."