कपाटातलं हँडल

मी हँडल बोलतोय, दवाखान्यातल्या खाटेचं. हसू नका. खाटेच्या पायथ्याशी मला अडकवून फिरवलं की डोक्याकडची बाजू वर येते आणि झोपलेला पेशंट आपसूक बसता होतो. माझं काम एवढंच.

वडगाव मावळच्या एका खासगी दवाखान्यात सगळ्या वॉर्डासाठी आम्ही तिघं आलो. बाकी दोघं कुठं गहाळ झाली, देव जाणे. त्याचा इन्चार्ज अमृता मॅडमनी धसकाच घेतला. मला काचेच्या कपाटात ठेवलं, कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या पर्समध्ये टाकली. माणसं घरची चांगली भांडीसुद्धा अशीच माळ्यावर ठेवतात म्हणे, पाहुण्यांसाठी.

काचेतून मला वॉर्ड दिसतो. टाकव्याची रुपाली सिस्टर पेशंटच्या काखेत हात घालून त्याला उचलायची, मग भिंतीला टेकून डोळे मिटायची. युनिफॉर्मखाली कमरेला पट्टा बांधलेला. “आता वजन उचललंत तर वॉर्डातली नोकरी विसरा,” असं डॉक्टरांनी तिला बजावलं होतं. तिनं मॅडमकडे मला मागूनही पाहिलं.

“आणि हरवलं तर? जबाबदारी कोण घेणार?” मॅडम म्हणाल्या.

रुपाली पट्टा आवळून पुन्हा कामाला लागली. मला मात्र मॅडमचा राग आला, खोटं कशाला बोलू!

एका दुपारी मॅडम मीटिंगला गेल्या होत्या. कार्ल्याच्या कस्तुराबाईंना पडल्यापडल्या धाप लागली, ओठ निळे पडले. रुपाली धावली. कपाटाचं दार तिनं एकदा हिसडून पाहिलं, मग सोडून दिलं आणि म्हातारीला कवेत घेऊन उठवलं.

“सोड गं बाय... तुजी कंबर जाईल,” कस्तुराबाई धापा टाकत म्हणाल्या.

“तुम्ही श्वास घ्या, मावशी. मी धरलंय.”

पाठीमागे उशा लागेपर्यंत तिनं हात सोडला नाही. मग ‘आई गं’ म्हणत खाली बसली, ती तिला उठताच येईना.

कस्तुराबाई बऱ्या होऊन चालत घरी गेल्या. रुपाली टाकव्याला अंथरुणावर आहे. कूस बदलायलाही तिला माणूस लागतं. तिची नोकरी गेली.

परवा मोठे साहेब पाहणीला आले. मॅडमनी त्यांना मला काचेतूनच दाखवलं. “एक ओरखडासुद्धा नाही, सर,” त्या म्हणाल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रुपालीच्या जागी आता स्नेहल आलीय, वयानं अगदी लहान. ती पाहा, तिनं पेशंटच्या काखेत हात घातलाय. अहो, मी हरवलो तर हरवू द्या, पण कुणीतरी हे कुलूप उघडा!