शिरगावात रुसणारी फटफटी

फटफटीने दोन आचके दिले, नाक शिंकरल्यासारखा आवाज केला आणि शिरगावात नामदेवच्या अंगणासमोर मान टाकली. मागे बसलेल्या नर्मदाने मासळीची पाटी सावरली आणि नवऱ्याच्या, पंढरीच्या, पाठीकडे असं पाहिलं, जणू बिघाड तिथेच होता.

"आलं तुझ्या भावाचं घर," ती म्हणाली.

सातपाटीहून पालघरच्या बाजाराला निघालं की हे रोजचंच झालं होतं. पालघरच्या एका मेकॅनिकने कार्बोरेटर धुतला, दुसऱ्याने पेट्रोलची नळी बदलली, तिसऱ्याने गाडी भंगारात काढायचा सल्ला दिला आणि पंढरीने त्याच्याशी बोलणंच सोडलं. गॅरेजात उभी असताना ती शहाण्या सुनेसारखी चालायची. शिरगाव आलं की तिला माहेर आठवायचं.

आता बंद पडायचंच तर दुसरी घरं काय कमी होती? पण नेमकं धाकट्या भावाचंच घर. एका नारळी पौर्णिमेला पंढरी तापाने फणफणत, उशिरा का होईना, बंदरावर पोचला, तर नामदेवने त्याच्यासाठी न थांबता दर्याला नारळ वाहूनही टाकला होता. थोरल्याचा मान गेला. होडीची वाटणी झाली, नामदेव शिरगावला बायकोच्या वाडीत राहायला आला आणि दोघांची तोंडं दोन दिशांना झाली ती कैक वर्षं.

गाडी इथे पहिल्यांदा बंद पडली, तेव्हा पंढरीला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. नामदेव बाहेर आला, भावाकडे न बघता टाकीचं झाकण उघडून आत डोकावला आणि समोरच्या माडाला म्हणाला, "पेट्रोल हाय." पंढरीनेही माडालाच सांगितलं की कालच भरलंय. किक मारली, गाडी सुरू. हळूहळू माड मधून गेला. आधी पाणी आलं, मग चहा, मग नामदेवची बायको कमळी नर्मदाला खुर्ची देऊ लागली. झाकण मात्र नामदेवनेच उघडायचं आणि त्यानेच लावायचं. होडीवर इंजिन तोच सांभाळायचा ना. पंढरीने झाकण लावलं की गाडी पुढे पुन्हा रुसायची, नामदेवने लावलं की थेट बाजार. त्याच्या हाताला गुण आहे, असं पंढरी कधीमधी बोलून जायचा आणि मग घसा खाकरायचा.

नर्मदाला हाताच्या गुणाशी देणंघेणं नव्हतं. पापलेट उन्हात पडत होतं आणि बांधलेली गिऱ्हाइकं शेजारणीच्या पाटीकडे वळत होती. शेवटी तिने नवऱ्याला बोईसरला पिटाळलं, मुलीच्या शेजारच्या हर्षितच्या गॅरेजात.

हर्षितने काही खोललं नाही. तो पंढरीच्या मागे बसून गाडी बंद पडेपर्यंत फिरला, मग टाकीचं झाकण उघडलं. सुस्स करून हवा आत गेली. त्याने झाकण उजेडात धरलं आणि हसायला लागला.

"काका, टाकीला श्वास घ्यायला इथे बारीक भोक असतं. हवा आत गेली नाही तर पेट्रोल खाली उतरणार कसं? हे बुजवलं कोणी?"

कोणी ते पंढरीला चांगलं ठाऊक होतं. गेल्या पावसाळ्यात ते भोक त्याच्या नजरेस पडलं आणि पाणी शिरेल म्हणून त्याने होडीच्या फटीत भरायचं लुकण त्यात दाबून भरलं, वर रंगाचा हातही दिला. होडी चालवणारा तांडेल माणूस तो. भोक दिसलं की बुजवायचं, हे तो चालायच्या आधी शिकला होता.

हर्षितने दाभणाने भोक मोकळं केलं. परतीच्या वाटेवर गाडी वाऱ्यासारखी पळाली आणि पंढरीचा जीव मात्र खाली खाली गेला. आता शिरगावात थांबायचं कोणत्या तोंडाने? आपणहून भावाच्या दारात जायला थोरलेपण आडवं येत होतं, आणि त्याच्या घरच्या चहाशिवाय सकाळ गोड लागणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी पाटीसह नर्मदाला घेऊन तो निघाला. शिरगाव दिसू लागताच त्याने डावा हात हळूच खाली नेला आणि पेट्रोलचा कॉक बंद केला. पण कार्बोरेटरमधलं उरलेलं पेट्रोल संपेपर्यंत गाडी चालतच राहते, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. कुंपणाशी उभा असलेला नामदेव मागे गेला, चहाचा वासही मागे गेला आणि गाडी पार मारुतीच्या देवळाशी जाऊन मेली. पंढरी ती ढकलत उलटा आला. नर्मदा पाटी डोक्यावर घेऊन मागून चालत होती.

नामदेवने सवयीने झाकण उघडलं. रोजचा सुस्स आवाज आला नाही. त्याने भोकावरून अंगठा फिरवला, मग वाकून कॉक पाहिला आणि सावकाश उघडला.

"भोक मोकळं केलंस."

पंढरीने मान वर केली. "तुला ठावं होतं?"

"पयल्याच दिशी. म्हणून तर झाकण सैल लावायचो. घरी जाऊन तू परत आवळायचास."

पंढरी टाकी पुसत राहिला. टाकी स्वच्छच होती.

"दादा," नामदेव म्हणाला, "येत्या नारळी पुनवेला थांबन मी. तू येस्तोवर."

पंढरीने मान डोलावली आणि कमळीने पुढे केलेला कप दोन्ही हातांनी घेतला.

नर्मदाने पाटी ओट्यावर उतरवली आणि दोन पापलेटं कमळीच्या ताटलीत टाकली.

"या गाडीचा ब्रेक तरी धड हाय ना?" तिने नवऱ्याला विचारलं. "मंग उद्यापासून तो दाबत जा."