क्रिसांताताईचा घसा

माझ्या थोरल्या बहिणीचा, क्रिसांताताईचा, आवाज गेला ही बातमी गावाला मलाच द्यावी लागली. दरीपलीकडून कुणीतरी शिट्टीत विचारलं, ‘ताई शनिवारी बसणार का?’ आमच्या डोंगरात पुरुष शिट्टीत बोलतात. बायका शिट्टी वाजवत नाहीत, पण त्यांना ती सगळी कळते, त्यामुळे पुरुषांचं गुपित असं फारसं काही उरत नाही. मी शिट्टीतच उत्तर दिलं की बसेल, पण गाणार नाही. पलीकडून शिट्टी आली, ‘मग बसून करणार काय?’

प्रश्न रास्त होता. पावसाळ्यात आमच्या उतारांवर जी अळंबी उगवतात त्यांना आम्ही लेकरं म्हणतो. आजाऱ्याने ती अंधारात जोडीजोडीने खायची, सोबत ताईने खायची, आणि मग उजाडेपर्यंत ताईने गायचं. औषध लेकरांचं, पण वाट गाण्याने सापडते. गाणं तुटलं की आजारी माणूस आत कुठेतरी खेचरासारखा अडून उभा राहतो. ताई स्वतःला गाणारी समजत नसे. "मी कुठे गाते? लेकरं बोलतात, मी नुसतं तोंड उघडते," असं म्हणायची. तोंड उघडून उघडून घशात गाठी झाल्या. खालच्या गावातल्या डॉक्टरने बॅटरी मारून आत पाहिलं आणि सांगितलं, "गाणं बंद करा बाई. नाहीतर बोलणंही बंद होईल."

मला वाटलं, ताई रडेल. परतीच्या गाडीत तिने काचेला डोकं टेकलं आणि कुजबुजली, "सुटले रे, हेनारो."

सुटली कसली. तिच्यामागे बसणारं कुणी नव्हतं. मुलगी पुएब्ला शहरात मोबाइलच्या दुकानात कामाला, तिला विचारलं तर म्हणाली, "आई, माझा आवाज जाहिरातीलासुद्धा घेत नाहीत." आणि माणसं यायची थांबेनात. घसा बसलाय म्हटलं की मध घेऊन येत. कोनाड्यात मधाच्या बाटल्यांची रांग लागली. ताईला कुणाला परत पाठवता येत नसे. तो तिचा जुना रोग, आणि त्यावर लेकरांकडेही औषध नव्हतं. ती दोन वाक्यं घोगऱ्या आवाजात गाई, खोके, पाणी पिई, पुन्हा गाई. सकाळी तिच्याकडे बघवत नसे.

अशात व्हँकुव्हरहून डॉक्टर ब्रेंट आला. उंच, वाकलेला, दाराच्या चौकटीची आधीच माफी मागणारा माणूस. तिकडे त्याच्या दवाखान्यात हीच लेकरं गोळीत घालून देतात, म्हणाला. आजाऱ्याच्या डोळ्यांवर पट्टी, कानांवर संगीत.

"गातं कोण?" ताईने कुजबुजून विचारलं.

"कुणी नाही. आधी भरून ठेवलेलं असतं." त्याने पिशवीतून भोपळ्याएवढा काळा स्पीकर काढला. "आम्ही फार अभ्यास करून गाणी लावलीत. सुरुवातीला चढण, मग शिखर, मग हळूहळू उतार."

"आमच्या गावच्या रस्त्यासारखं," मी म्हणालो. "मध्ये दरड कोसळते का?"

त्याने वहीत लिहून घेतलं.

एरवी ताईने त्याला कॉफी पाजून वाटेला लावलं असतं. पण ती त्या स्पीकरकडे बघत होती, जशी बाजारात बाई दुसरीच्या गॅसच्या शेगडीकडे बघते. "हा खोकत नाही ना?" तिने विचारलं.

"नाही."

"पाणी मागत नाही?"

"फक्त आधी चार्ज करावा लागतो."

"मग गाऊ दे त्याला," ताई म्हणाली.

शनिवारी आम्ही बसलो. ताईने कोपालची राळ धुपाटण्यात टाकली, चुन्यात मळलेली तंबाखू डॉक्टरच्या मनगटांवर चोळली, लेकरं धुरावर फिरवली. मेणबत्ती विझवली आणि स्पीकर गाऊ लागला. आधी व्हायोलिनं, नंतर पुष्कळ माणसं एकदम, चर्चचं छप्पर उचलतील अशी. डॉक्टर रडला, हसला, आईशी बोलला, पुन्हा रडला. माझं काम आगीवर लक्ष ठेवायचं. आग नीट होती म्हणून मी ताईवर लक्ष ठेवलं. ती भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपली होती. तोंड उघडं, हात मांडीवर उताणे. तिला बसून झोपलेली मी कधी पाहिली नव्हती.

सकाळी डॉक्टरने तिचे दोन्ही हात धरले. "बाई, तुमच्या मौनाने मला सांभाळलं."

"मी झोपले होते."

"तेच," तो म्हणाला. "इतका विश्वास."

ताईने माझ्याकडे पाहिलं. मी चुलीकडे पाहिलं. डॉक्टर जाताना स्पीकर ठेवून गेला. ताईने तो मधाच्या बाटल्यांशेजारी ठेवला आणि त्याच्यावर विणलेला रुमाल घातला. आठवडाभर ती जवळजवळ आनंदी होती. "माझी जागा भरली," असं शेजारणीला सांगे. "पगार घेत नाही, जेवत नाही. मी नुसती सोबत बसायची."

मग ओदिलिया आली. खालच्या वस्तीतली, कॉफी तोडायला जाणारी. नवरा उत्तरेत, सीमेपलीकडे कामाला, ही सासूजवळ. ओढ्यात घसरून पडली होती त्याला वर्ष झालं. हाडं जुळली, पण जीव तिथेच पाण्यात राहिला, असं तिचं म्हणणं. झोप नाही, भूक नाही, तोर्तिया तव्यावर टाकली की ती जळेपर्यंत बघत राहते. असा जीव परत आणायचा तर नावाने बोलावावा लागतो. तेच तर ताईचं खरं काम.

"मावशी, तुम्ही बोलवा," ओदिलिया म्हणाली. "तो दुसऱ्या कुणाचं ऐकणार नाही. माझं तर मुळीच नाही."

"बोलावू," ताई कुजबुजली आणि रुमाल काढला.

लेकरं खाऊन झाली. ताईनेही खाल्ली. मेणबत्ती विझली. स्पीकरमध्ये चढण सुरू झाली, व्हायोलिनं आली, आणि नंतर एक बाई एकटीच, उंच आवाजात, कुठल्या तरी देशाच्या भाषेत.

अंधारातून ओदिलियाने विचारलं, "मावशी, ही कोण रडतेय?"

"गाणं आहे. ऐक."

थोड्या वेळाने पुन्हा, "काय झालंय हिला?"

"काही नाही झालं."

"असं कसं. मूल गेलंय बहुतेक. माझ्यापेक्षा वाईट हाल दिसतायत हिचे." तिने उसासा सोडला. "मावशी, आधी हिला बरं करा. मी थांबते. मला काय, सवय आहे."

मी तोंडावर हात दाबला. ताई हसली नाही. चाचपडत गेली आणि तिने स्पीकर बंद केला.

अशी शांतता मी त्या घरात कधी ऐकली नव्हती. पाऊससुद्धा थांबला होता. ओदिलियाचा श्वास जलद होऊ लागला. आत शिरली होती आणि पुढे वाट नव्हती. ताईने तोंड उघडलं. बिजागरीसारखा आवाज आला. तिने पुन्हा प्रयत्न केला. ओदिलियाच्या नावाचं पहिलं अक्षर निघालं आणि तिथेच अडकलं. मग नुसता खोकला, लांबलचक.

"हेनारो," ती कशीबशी म्हणाली. "तू गा."

मी उभं आयुष्य पितरांच्या सणाला म्हाताऱ्यांचे मुखवटे घालून नाचणाऱ्यांसाठी टवाळ गाणी रचली. नगराध्यक्ष बदलत गेले तरी गाणं तेच लागू पडायचं, म्हणून कंटाळून सोडलं. "ताई, माझ्या गाण्याने मेलेले हसतात," मी म्हणालो. "जिवंतांना त्याचा उपयोग झाल्याचं ऐकिवात नाही."

"मग मी मेले," ओदिलिया म्हणाली. आवाजात भीती होती. "मावशी, मला काही दिसत नाहीये. कुणीतरी काहीतरी म्हणा हो."

आगीचा उजेड त्या दोघींपर्यंत पोचत नव्हता; ताईने अंधारात ओदिलियाचा हात शोधला असावा, कारण चटईवर सरकल्याचा आवाज आला. मग स्वतःच्या मांडीवर थाप. एक. थांबून दुसरी. गाताना ती अशीच थाप देई; आता गाण्याशिवाय नुसती थापच.

बऱ्याच थापांनंतर ओदिलिया गाऊ लागली.

गाऊ लागली म्हणजे काय, तक्रार करू लागली, पण सुरात. सूर कच्चा होता. लेकरांचं गाणं म्हणताना प्रत्येक ओळीला शेवटी ‘म्हणे’ जोडतात, कारण बोलणारी लेकरं, आपण नुसते निरोपे. ओदिलियाने ती सोय लगेच ओळखली. "सासू घेवड्याच्या भांड्याला कुलूप लावते, म्हणे. नवरा फोनवर आईशीच बोलतो, म्हणे. ओढ्यात मी पाय घसरून पडले नाही, म्हणे, बसले होते, उठावंसं वाटलं नाही, म्हणे." हे शेवटचं म्हणून ती थांबली. थापही थांबली. मग ताईने थाप दिली, जरा जोरात, आणि ओदिलिया पुढे निघाली. स्वतःचं नाव घेऊन स्वतःला हाका मारू लागली, आधी लाजत, नंतर दाराबाहेर खेळणाऱ्या पोरीला मारावी तशी खणखणीत.

पहाटेकडे थाप मंदावली आणि बंद झाली. मला वाटलं, ताई पुन्हा झोपली. पण तिचा श्वास तुटत होता. ती चटईवर आडवी झाली होती, गुडघे पोटाशी घेऊन, आणि आवाज न करता रडत होती. तेवढा एकच प्रकार खालच्या गावातल्या डॉक्टरने बंद केलेला नव्हता.

ओदिलियाला ते कळलं. गाणं न तोडता ती म्हणाली, "क्रिसांता थकली, म्हणे. हिच्यासाठी कुणी गायलं नाही, म्हणे. क्रिसांता, इकडे ये, म्हणे, इथे बस, पाय सोड."

लेकरांच्या नावाखाली थेट एकेरी. ताईला एकेरी हाक मारणारं आमची आई गेल्यापासून कुणी उरलं नव्हतं. मी आगीत लाकूड घातलं, गरज नसताना.

उजाडलं तेव्हा दोघी शेजारी बसून कॉफी पीत होत्या. ओदिलियाने तिसरी तोर्तिया घेतली. तिचा जीव परत आला की नाही ते मला सांगता येणार नाही. भूक मात्र आली होती.

"मावशी, रात्री तोंडातून काय काय निघून गेलं. रागावू नका."

"तू कुठे बोललीस? लेकरं बोलली."

"हो, तेच." ओदिलिया खाली बघत राहिली. "पुन्हा येऊ का? सासूचं निम्मंच झालंय."

"ये. पण मी आता गाणार नाही," ताई म्हणाली. हे तिने याआधी कुणाही आजाऱ्याला सांगितलं नव्हतं. "कुणासाठीच नाही. नुसती बसेन."

"बसाल ना? मग झालं."

ओदिलिया उतार उतरून दिसेनाशी झाली. ताई चटईवर परत आडवी झाली. कप तसेच पडले होते, दार सताड उघडं, अंगणातून कुणीतरी हाक मारत होतं.

"विचार त्याला, गाता येतं का," ती डोळे मिटून म्हणाली. "नसेल येत तर म्हणावं, दुपारनंतर ये. मी झोपलेय."