हेडसरांना परवानगी नाही

सून घरूनच काम करायची. लोकांच्या स्वयंपाकघरांचे आराखडे काढून द्यायचे, ओटा कुठे, कपाटं कुठे, खिडकीचा उजेड नेमका कुठे पडणार, हे सगळं ती बाहेरच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर उभं करून दाखवायची. कॉम्प्युटर घरात एकच. तिचं काम आटोपलं की त्याच्यासमोर सासरे बसत. ते शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. घरात आप्पा, पण अख्ख्या इमारतीत हेडसर.

कारकुनाने पुढ्यात ठेवलेल्या कागदावर न वाचता सही ठोकायची, अशी हेडसरांची नोकरीभरची सवय. स्क्रीनवर कसलीही विचारणा आली की त्यांचा हात त्याच सवयीने ‘होय’वर जायचा. सुनेच्या मते त्यामुळेच कॉम्प्युटरात हवामान सांगणारा एक पोपट येऊन राहिला होता, आणि त्याच्या मागोमाग बरंच काही.

एक दिवस सून एका दंतवैद्य जोडप्याला त्यांचं नवं स्वयंपाकघर दाखवत होती. ते दोघे आपल्या घरून स्क्रीनवर बघत होते. ती गॅसच्या शेगडीपाशी आली आणि कॉम्प्युटरातून भोंगा वाजला. मग एक बाई खणखणीत आवाजात म्हणाली, “सावधान. आपल्या यंत्रात शेकडो धोके आहेत.” भोंगा बंद होईना. दंतवैद्यांनी शांतपणे विचारलं, “शेगडी हलवायची का?”

त्या दुपारी सुनेने सगळी झाडाझडती घेतली. पोपट निघाला, सवलतीची कुपनं दाखवणारं काहीतरी निघालं, कुणी न मागितलेली शोधपट्टी निघाली, आणि कॉम्प्युटर साफ करून देतो म्हणणारे दोन प्रोग्राम निघाले. ते दोघे एकमेकांनाच धोका म्हणून दाखवत होते. तिने एकेकाला धरून बाहेर काढलं. पत्त्यांचा एक खेळही त्यांत होता, तोही काढला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बघते तर सगळी मंडळी परत हजर. पोपटासकट.

मग तिने हेडसरांसाठी वेगळं खातं उघडलं. वाचा, लिहा, बातम्या बघा, पण नवीन काही आत घालायचं तर तिचा पासवर्ड लागणार. हे ती त्यांना नीट सांगणार होती, पण धीर होईना. त्याआधीच हेडसरांनी कसलंतरी ‘होय’ दाबलं आणि स्क्रीनवर अक्षरं उमटली: यासाठी प्रशासकाची परवानगी आवश्यक आहे.

जेवताना त्यांनी विषय काढला.

“या घरात प्रशासक कोण?”

नवऱ्याने पाणी पिण्याच्या निमित्ताने पेला तोंडाला लावला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही. शेवटी सून म्हणाली, “मी, आप्पा. फक्त कॉम्प्युटरापुरती.”

“तीन शाळा चालवल्या मी,” हेडसर म्हणाले. “परवानगी द्यायचो. मागायची वेळ कधी आली नव्हती.”

त्यानंतर त्यांनी कॉम्प्युटरला हात लावणं सोडलं. वर्तमानपत्र घेऊन तिच्या खुर्चीमागे बसत आणि पान उलटताना जरा जास्तच आवाज करत. सुनेला वाईट वाटायचं, पण तिने मन घट्ट केलं होतं. पंचाईत अशी की हेडसर संपावर गेले तरी पोपट येतच राहिला. ती काढायची, तो परतायचा. तिला वाटलं, म्हातारा आपला डोळा चुकवून काहीतरी करतोय. नवऱ्याजवळ तिने तसं बोलूनही दाखवलं. त्याने दोन्ही बाजूंनी मान हलवली.

एकदा ती मापं घ्यायला एका घरी गेली. घराला कुलूप होतं, म्हणून लवकर परतली. दार उघडून आत येते तर कॉम्प्युटरसमोर सासूबाई. चष्मा नाकाच्या टोकावर, मांडीवर विणकाम तसंच पडलेलं, आणि स्क्रीनवर पत्ते मांडलेले. आतल्या खोलीतून हेडसरांच्या घोरण्याचा आवाज येत होता.

सासूबाई दचकल्या वगैरे नाहीत. म्हणाल्या, “बरी आलीस. ही काळी राणी कुठे ठेवू?”

सुनेने आधी राणी जागेवर लावली आणि मग विचारलं. सासूबाईंनी काही लपवलं नाही. सून बाहेर गेली की कॉम्प्युटर उघडाच असतो, मग त्या दोन डाव खेळतात. खेळ सुरू करायच्या आधी तो काहीबाही विचारतो, हे पण हवं का, ते पण हवं का. इतक्या अदबीने कुणी विचारलं तर नाही कसं म्हणायचं, म्हणून त्या होय म्हणतात.

“पण मेलं कुणीतरी माझा खेळ सारखा काढून टाकतं,” त्या म्हणाल्या. “दर वेळी नव्याने घालावा लागतो. मला वाटलं ह्यांचंच काम. म्हणून मी बोलत नाहीये त्यांच्याशी.”

“आप्पांशी? कधीपासून?”

“झाले की बरेच दिवस. त्यांच्या अजून लक्षात आलेलं नाही.”

सून खुर्चीवर टेकली. घरभर पहारा बसवून स्वतःचंच दार तिने सताड उघडं टाकलं होतं. जे खातं सगळ्याला परवानगी देऊ शकतं, तेच रोज वापरायचं, आणि ते तसंच चालू ठेवून बाहेर पडायचं. पोपट तिच्याच सहीने आत येत होता.

हेडसर उठल्यावर ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. “आप्पा, चूक माझी होती. तुमच्यावर उगाच आळ घेतला.”

इतकी चांगली संधी हेडसरांना निवृत्तीनंतर मिळाली नव्हती. त्यांनी तिला बसायला सांगितलं, सगळी हकिगत पुन्हा पहिल्यापासून ऐकली, मधे दोन शंका विचारल्या, आणि बायकोकडे वळून म्हणाले, “तू माझ्याशी बोलत नव्हतीस?” सासूबाईंनी विणकामातून मान वर केली नाही.

तिसऱ्या प्रहरी सुनेने नीट साफसफाई केली. आधी तो पत्त्यांचा खेळ मुळापासून काढला, मग त्याचं बोट धरून आलेले सगळे. सासूबाईंना दुसरा, काही न विचारणारा खेळ घालून दिला. रोजच्या कामासाठी स्वतःलाही हेडसरांसारखंच साधं खातं केलं आणि जागेवरून उठलं की स्क्रीन आपोआप बंद होईल अशी सोय केली. राहिलं प्रशासकाचं खातं. त्याचा पासवर्ड तिने दोन तुकड्यांत ठेवला. पहिला तुकडा तिला ठाऊक, दुसरा फक्त हेडसरांना. तो टाकताना ते इतके वाकले की सगळा कीबोर्ड त्यांच्या छातीखाली गेला.

ही व्यवस्था चांगलीच लागू पडली. पोपट पुन्हा दिसला नाही. नवऱ्याने गाणी ऐकायला काहीतरी घालायची विनंती केली, ती दोघांनी एकमताने फेटाळली. फक्त एक गोष्ट सुनेने हिशेबात धरली नव्हती. एकदा पोळलेले हेडसर आता एकही अक्षर न वाचता होय म्हणत नसत. तिच्या आराखड्यांच्या प्रोग्रामची नवी आवृत्ती आली तेव्हा त्यांनी करारनामा सकाळी वाचायला घेतला. जेवणाची वेळ झाली तरी ते चौथ्या कलमावर होते, आणि तिथे व्याकरणाच्या दोन चुका सापडल्यामुळे पुढे सरकायला तयार नव्हते.

“आप्पा, संध्याकाळी मला काम द्यायचंय,” सून म्हणाली.

“मग त्यांना नीट लिहायला सांग,” हेडसर म्हणाले आणि त्यांनी चष्मा पुसायला घेतला.