लुओ वहिनींची हाक

मी चीनमधल्या युनान प्रांताच्या डोंगरांत पडून असलेली एक धावपट्टी. आज माझ्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. पण लढाईच्या काळात विमानं माझ्यासाठी आभाळात घिरट्या घालायची.

माझा जन्म भाताच्या खाचरांवर झाला. लष्कराला विमानतळ हवा होता, म्हणून गावोगावची माणसं धरून आणली. बायकांनी हातोड्यांनी खडी फोडली, पुरुषांनी ती टोपल्यांतून वाहिली. मग माणसाहून उंच असा दगडी रूळ शंभर जणांनी दोरांनी ओढला आणि माझी पाठ दाबून काढली.

शंभर जणांनी एका दमात ओढायचं तर हाक देणारं कुणीतरी हवं. ते काम लुओ वहिनींचं. दोरकऱ्यांकडे तोंड करून, उलट्या चालत त्या हाक द्यायच्या. हाक थांबली की हात थांबत आणि दोन पावलांत रूळही थांबे, असा सगळ्यांचा भरवसा होता.

त्यांच्या हाकेत टोमणेच फार. आणि सगळ्यात जास्त टोमणे नवऱ्याला, मा फुचिंगला.

"दुसऱ्या रांगेत कोण डुलतंय?"

"हेय्यो!"

"भाताला पुढे, दोराला मागे!"

"हेय्यो!"

"अगं, चारचौघांत तरी सोड की!" फुचिंग ओरडायचा. माणसं हसायची आणि हसता हसता रूळ ओढला जायचा. मलाही ते ऐकायला आवडे.

एका दुपारी इशाऱ्याच्या खांबावर तिसरा लाल गोळा चढला. म्हणजे शत्रूची विमानं डोक्यावर आली. सगळे खंदकांत पळाले. बॉम्ब माझ्या ऐन मध्यावर पडला. शत्रू निघून गेला तेव्हा आपलं एक विमान वर घिरट्या घालत होतं. त्याचं तेल संपत आलेलं. चहूकडे डोंगर, उतरायला दुसरी जागा नाही.

"खड्डा भरा! वीस मिनिटं आहेत, एकविसावं नाही!" यांग मुकादम खंदकातूनच ओरडत निघाले.

टोपल्यांमागून टोपल्या रिकाम्या झाल्या. खड्ड्यावरून रूळ फिरला, पुन्हा फिरला. एवढ्यात वरचं इंजिन खोकलं आणि विमान सरळ खाली येऊ लागलं. रूळ अजून माझ्यावरच उभा.

"कडेला काढा रे!" मुकादमांचा आवाज चिरकला.

वहिनींनी हाक दिली. रूळ हलला, त्यानं वेग धरला. आणि ताज्या खडीवर फुचिंगचा पाय सरकला.

वहिनींचं तोंड त्याच्याकडेच होतं. त्यांनी त्याला पडताना पाहिलं, खाली येणारं विमानही पाहिलं, आणि पुढची हाक दिली. तिच्यात टोमणा नव्हता, शब्दही नव्हते, नुसता आवाज होता.

रूळ फुचिंगवरून कडेच्या चरात गेला. विमान उतरलं. आपल्या बाजूनं लढणारा परदेशी वैमानिक हसत खाली उतरला आणि सिगारेटी वाटू लागला. एकानंही हात पुढे केला नाही.

वहिनींनी पुन्हा कधी हाक दिली नाही. लढाई संपली, लष्कर गेलं, माझ्यावर गवत माजलं. त्या मात्र दर वर्षी यायच्या. माझ्यावर तळहात टेकवून एकच विचारायच्या, "मी थांबले असते तर?" चाळीस वर्षं मी हे ऐकलं, आणि मला तोंड नव्हतं. मग त्या यायच्या थांबल्या.

आता माझ्यावर लोक गाडी चालवायला शिकतात. वहिनींची नातही येते. शिकवणाऱ्यानं परवा तिला आजीबद्दल विचारलं, तर ती म्हणाली, "आमच्या घरात तिचं नाव काढत नाहीत. तिनं आजोबांना मारलं."

म्हणून आज बोलते. पावसाचं पाणी वाहून जावं यासाठी मला कडेकडे थोडा उतार दिलाय. डोळ्यांना तो दिसत नाही. फुचिंग पडला तेव्हा रूळ त्या उताराला लागला होता. रुळाचं वजन माझ्या पाठीवर होतं, मला ठाऊक आहे. वहिनी गप्प राहिल्या असत्या, शंभर जणांनी दोर सोडले असते, तरी रूळ थांबला नसता.

तुम्ही कधी इकडे आलात, तर त्या मुलीला एवढं सांगा. म्हणावं, आजीचा काही दोष नव्हता गं.