डावीकडचा स्पीकर

"हा डावीकडचा स्पीकर दबका वाजतोय. बदलून द्या," मी दुकानदाराला सांगितलं.

"काका, नवीकोरी जोडी आहे. आत्ता तुमच्यासमोर खोका फोडला."

"नवीन म्हणून काय बिघडत नाही? उभा जन्म मशीनवर गेलाय माझा. आवाजातलं मला सांगू नका!"

खरंच गेला होता. छापखान्यात सगळी नोकरी एकाच मशीनपाशी झाली. मशीन डाव्या हाताला, आणि दिवसभर तो खडखडाट. निवृत्त होताना मी एकच हौस मनात धरली होती : आता दोन्ही कानांनी गाणी ऐकायची. घरात आजवर एक जुना रेडिओ, तोही सर्दी झाल्यासारखा बोलणारा. स्टिरिओत म्हणे वाद्यं वेगवेगळ्या बाजूंनी येतात, गाणारा समोर बसलाय असं वाटतं. त्यासाठी बाजूला टाकलेले पैसे बेताचेच होते. त्यात असला दबका माल गळ्यात मारून घ्यायला मी काही वेडा नव्हतो.

दुकानदार बिचारा गरीब स्वभावाचा. त्यानं निमूटपणे स्पीकरांच्या जागा बदलल्या आणि तेच गाणं पुन्हा लावलं. मघाचा आजारी स्पीकर उजवीकडे जाऊन खणखणीत वाजायला लागला. चांगला होता तो डावीकडे येऊन दबला.

"बघा! आता हाही गेला!" मी दुकान डोक्यावर घेतलं. "कसला माल ठेवता हो?"

इतका वेळ बायको मागे उभी होती. ती पुढे आली, माझे दोन्ही खांदे धरले आणि मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं. भर दुकानात!

"अहो, आता सांगा. कुठला दबका?"

मी ऐकलं. पुन्हा ऐकलं. आत्ता खणखणीत वाजत होता तोच दबका येत होता. स्पीकर जागचे हलले नव्हते, फिरलो होतो मी. माझं तोंड एवढंसं झालं.

"तुला माहीत होतं?"

"बरीच वर्षं झाली," ती म्हणाली. "सांगून काय करणार होते? नोकरी थोडीच सोडणार होतात? उगाच जिवाला घोर लावून घेतला असतात."

रस्त्यानं जाताना ती कायम माझ्या उजवीकडून चालते. जेवायला उजवीकडे बसते. रेडिओसुद्धा तिनंच माझ्या उजव्या हाताच्या फळीवर ठेवला होता. 'मला डाव्या कुशीवरच झोप लागते' म्हणून पलंगाची माझ्या उजवीकडची बाजू तिनं हट्टानं घेतली, आणि मी त्यावरून तिची किती थट्टा केली! असं माणूस मिळायला नशीब लागतं, आणि ते मला न मागता मिळालं होतं. डोळे भरून आले. लपवायला भिंत समोर होतीच.

दुकानदार खाकरला. "काका, एक सुचवू? याच पैशात एकच मोठा, उत्तम स्पीकर येईल. चांगल्या कानाच्या बाजूला ठेवा."

"तोच द्या," बायको म्हणाली. "यांना नीट ऐकू आलं की झालं."

मी वळलो. "तुझे दोन्ही कान शाबूत आहेत ना?"

"आहेत की. का?"

"मग ही छोटी जोडीच बांधा हो."

"अहो, पण तुम्हाला..."

"जन्मभर माझ्या कानाच्या बाजूनं उठलीस-बसलीस. आता पुरे."

घरी आल्यावर स्पीकर खिडकीच्या दोन बाजूंना मांडले. बरोब्बर मध्यावर खुर्ची ठेवून तिला बसवलं. मी स्टूल ओढून तिच्या डावीकडे बसलो, म्हणजे ती माझ्या उजवीकडेच राहिली. गाणं सुरू केलं.

"अगंबाई! बासरी या बाजूनं येतेय," तिनं डावा हात उचलला. "आणि गाणारी अगदी समोर. ऐकलंत?"

"तू ऐक. मला सांग."

तिनं डोळे मिटले आणि बोलायचीच थांबली. बोट तेवढं उठायचं, कधी डावीकडे, कधी उजवीकडे, जिथून जे वाजेल तिथे जायचं. मी तिच्या बोटाकडे बघत गाणं ऐकत बसलो.